कुणाचं देणं राहिलंय, ती कथा घ्या

सारंगखेड्याजवळच्या एका गावात शाळेवर शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "मला पुराणकथा आणि दंतकथा नव्याने सांगणारा कथासंग्रह लिहायचा आहे. कर्ण, द्रौपदी यांच्यावर इतकं लिहून झालंय की हात लावायला भीती वाटते. मग ग्रीक कथा घ्याव्यात का? आपल्या खानदेशातल्या घेतल्या तर वाचणार कोण? सातपुड्यातल्या आदिवासींच्या कथा मी लिहिल्या तर चालेल का? आणि मूळ कथेत बदल किती करावा?"

ताई, तुमचे प्रश्न चार दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच आहे: एवढ्या कथांमधून आपली कुठली, हे ओळखायचं कसं? गेली तीसेक वर्षं मी कथा लिहितो आहे, रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या, धुळे-जळगावकडे लेखनाची शिबिरं घेतली. या सगळ्यात मी सर्वांत जास्त चुकलो ते निवडीतच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिशीत असताना मी कर्णावर कादंबरी लिहायला घेतली. चार वर्षं गेली, सव्वातीनशे पानं झाली. माझी आई शाळेत गेलेली नव्हती, पण गोष्ट ऐकायला तिच्याइतका चांगला कान मी पाहिला नाही. दोन संध्याकाळी ती शेंगा फोडत बसली आणि मी तिला वाचून दाखवलं. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तिथवर आलो, तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हाई ते माले माहीत से. यामा तुनं काय से?" यात तुझं काय आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाचकाच्या मनात कर्णाविषयी जी हळहळ आधीच साठलेली आहे, तीच मी त्याला सव्वातीनशे पानांत परत देत होतो. ती कादंबरी मी छापली नाही. आजही वाटतं की चूक कर्ण घेण्यात नव्हती. कर्ण थोर आहे म्हणून मी तो घेतला, ही चूक होती.

त्यानंतर मी कथा निवडताना एकच गोष्ट बघत आलो. या कथेत कुणाचं तरी देणं राहिलंय का? म्हणजे कथा पुढे निघून गेली, तिचं काम झालं, पण वाटेत एखाद्याचं काहीतरी घेतलं आणि परत दिलंच नाही, असं कुणी आहे का? आणि ते देणं फेडायला लागणारा माल माझ्या घरात आहे का? पहिल्या प्रश्नाला हो असेल तर कथा चांगली आहे. दुसऱ्यालाही हो असेल, तर ती तुमची आहे.

हे पुस्तक वाचत बसून कळत नाही. पुस्तक मिटा आणि जिला ती कथा नीट ठाऊक नाही अशा कुणाला तरी तोंडी सांगा. अहिराणीत सांगितली तर फारच उत्तम, कारण अहिराणीत आपल्याला पोथीची भाषा वापरता येत नाही. सांगताना स्वतःकडे लक्ष ठेवा. कुठे घाई होते, कुठे आवाज आपोआप हळू होतो, आणि मुळात नसलेली वस्तू तुम्ही कुठे नकळत घालता? तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची.

एका शिबिरात रावेरकडचा एक तरुण आला होता, केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर चालवणारा. त्याला मी बकासुराची गोष्ट सांगायला लावली. एकचक्रानगरी म्हणजे आपलं एरंडोल, आणि पद्मालयाजवळच्या भीमकुंडापाशी भीमाने बकासुर मारला, ही आपल्याकडची जुनी धारणा. (एकचक्रा आमचीच म्हणणारी गावं देशात आणखीही आहेत. त्या वादात लेखकाने पडू नये. गावाला ती कथा आपली वाटते, एवढं आपल्याला पुरे.) हा मुलगा भीम आणि राक्षसाची मारामारी दोन वाक्यांत उरकून मोकळा झाला. पण गाडं भरताना मात्र तो रेंगाळला. बकासुराचा वाटा म्हणजे गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. हा सांगू लागला की भात गरम असताना गाड्यात भरला तर खाली चिकटून बसतो, म्हणून आधी केळीची पानं अंथरली, आणि ज्या घराची पाळी त्या घरी आदल्या रात्रीपासून चुली पेटल्या. मग मध्येच थांबून त्याने मला विचारलं, "सर, एवढा भात रांधला कोणी? ज्याच्या घरचा माणूस जायचा, त्याच्याच घरच्या बायांनी?"

त्याची कथा तिथे होती. महाभारतात त्या रात्रीचा फार सुंदर प्रसंग आहे. ब्राह्मणाच्या घरात वाद चाललाय. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. सगळे रडतायत. आणि एवढंसं पोर हातात गवताची काडी घेऊन बोबड्या बोलात म्हणतं, याने मी त्या राक्षसाला मारतो. त्या दुःखातही सगळ्यांना बरं वाटतं. महाभारताने त्या काडीपर्यंत आपल्याला नेलं, पण चुलीपर्यंत नेलं नाही. स्वतःच्या माणसाच्या मरणाचा भात रांधणाऱ्या बाईचं देणं राहून गेलं. ज्याच्या घरी लग्नाच्या पंगतीला वरण-बट्टी होते, मोठमोठ्या पातेल्यांशी ज्याच्या आया-बहिणींनी झुंज घेतली आहे, त्याच्याकडे ते फेडायला लागणारा सगळा माल आहे. त्या मुलाने पुढे ती कथा नऊ पानांत लिहिली. भीम त्यात शेवटच्या अर्ध्या पानात येतो.

आता कर्ण-द्रौपदीची भीती. ज्यांच्यावर खूप लिहून झालंय त्यांना हात लावू नये असा काही नेम नाही. पण त्यांच्याकडे जाताना वाट नेहमीची नसावी. आपल्याकडचं उदाहरण घ्या. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात अस्तंबा हे चार हजार फुटांहून उंच शिखर आहे. अश्वत्थामा तिथे आहे असं लोक मानतात आणि धनत्रयोदशीच्या सुमाराला यात्रेकरू तो डोंगर चढतात. कपाळावरची जखम घेऊन तो सातपुड्यात फिरतो, भेटेल त्याच्याकडे तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. हे आपण लहानपणापासून ऐकलंय. अश्वत्थाम्यावर लिहायचं म्हटलं की लेखक लगेच जखम आणि अमरत्व यावर पानं भरतो, आणि माझ्या आईचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो.

पण मूळ ग्रंथ उघडून पाहा. आदिपर्वात द्रोण आपल्या गरिबीची हकिकत सांगतो. श्रीमंतांची पोरं दूध पिताना बघून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडतो, तेव्हा इतर मुलं त्याला पाण्यात पीठ कालवून देतात आणि तो "मी दूध प्यायलो" म्हणून नाचतो. बाकीची पोरं हसतात. आता हे पोर आणि वाटसरूकडे तेल मागणारा तो म्हातारा शेजारी ठेवा. एकाला दूध मिळालं नाही, दुसऱ्याला तेल मिळत नाही. दोघांच्या मध्ये उपपांडवांची, म्हणजे द्रौपदीच्या पाच पोरांची, कत्तल आहे, आणि ती माफ करायचं काही कारण नाही. तरी वाटीभर पिठाच्या पाण्याचं देणं कुणाकडे तरी राहिलंच.

आणखी एक. सौप्तिकपर्वात कृष्ण जो शाप देतो त्याला मुदत आहे: तीन हजार वर्षं. कायमचं चिरंजीवपण त्याला इतर परंपरांनी आणि लोकांनी दिलं. पंचांगवाल्यांच्या परंपरेने कलियुग इ.स.पूर्व ३१०२ला सुरू झालं आणि युद्ध त्याच्या आधीचं. त्या हिशेबाने शापाची मुदत दोन हजार वर्षांपूर्वीच संपली. म्हणजे त्याची शिक्षा पुरी झाली आहे आणि ते त्याला कुणी सांगितलेलंच नाही. अस्तंब्याची चढण चढणारा एखादा शाळकरी पोर, गणितात हुशार असलेला, त्याला हे सांगू शकतो. ही कथा मी लिहिलेली नाही. कुणाला घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्यावी.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: कथेच्या निदान दोन-तीन आवृत्त्या वाचल्याशिवाय निवड पक्की करू नका. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती आहे, ती संदर्भाला असू द्या. सगळी वाचायला नको, आपला प्रसंग तेवढा काढून बघायचा. मग पुराणात तोच प्रसंग कसा आलाय ते बघायचं, मग कीर्तनात, मग गावातल्या म्हातारीकडे. जिथे या तिघांचं पटत नाही तिथे लेखकाला जागा मिळते.

दंतकथेच्या बाबतीत तर ती कधी जन्मली हे आधी शोधावं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला तुम्ही गेला असाल. त्या परिसरातल्या देवळात शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०६-०७च्या सुमाराचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. (हा चांगदेव वेगळा, चौदाशे वर्षांचा योगी तो वेगळा. शिबिरात दर वेळी ही गल्लत होते.) भास्कराचार्यांचं नाव निघालं की लीलावतीची गोष्ट येतेच. मुलीच्या पत्रिकेत वैधव्य होतं. ते टाळायला बापाने एकच मुहूर्त काढला आणि घटिकापात्र लावलं. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर ती ठेवली की भोकातून पाणी आत शिरतं आणि चोवीस मिनिटांत, म्हणजे एका घटकेत, वाटी बुडते. नवरीच्या साजातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. मुलीचं दुःख हलकं व्हावं म्हणून बापाने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला.

फार गोड कथा आहे. पण 'लीलावती' ग्रंथ ११५०चा आहे, आणि ही कथा आपल्याला मिळते ती फैजीने १५८७मध्ये अकबरासाठी केलेल्या फारसी भाषांतरात, चारशेहून अधिक वर्षांनी. ग्रंथात 'लीलावती'ला बाले म्हटलंय, सखे म्हटलंय, हरिणाच्या पाडसासारख्या डोळ्यांची म्हटलंय. ती मुलगी की बायको की नुसतं नाव, यावर अभ्यासकांत एकमत नाही. हे कळल्यावर काही जण निराश होतात. मला तर मोकळं वाटलं. दंतकथा जर चारशे वर्षांनी कुणीतरी रचली असेल, तर तुम्ही आठशे वर्षांनी रचायला हरकत नाही.

आणि देणं? ग्रंथभर लीलावतीला प्रश्न विचारलेत. कमळांवर भुंगे किती, हंसांचा थवा केवढा, सांग. तिने दिलेलं एकही उत्तर त्यात नाही. मोत्याची कथा तर तिला आणखीच गप्प करते, तिथे ती फक्त वाटीत वाकून बघते. तुम्ही शिक्षिका आहात. फळ्यासमोर उभी राहून, उत्तर येत असूनही न बोलणारी मुलगी तुम्ही रोज बघता. लीलावतीचं पहिलं उत्तर, कदाचित चुकलेलं, तुमच्याइतकं बारीक मला लिहिता येणार नाही.

ज्या कथांवर आजही लोकांची श्रद्धा आहे तिथे मी जास्त जपून पाऊल टाकतो. मुक्ताईचं घ्या. तापीच्या काठी मेहूणला शके १२१९च्या वैशाखात वीज कडाडली आणि ती गुप्त झाली. जुन्या एदलाबादला मुक्ताईनगर हे नाव तिच्यावरूनच मिळालं आणि आषाढीला तिची पालखी तिथून पंढरपूरला निघते. उन्हातान्हात शेकडो किलोमीटर चालणारी माणसं ज्या कथेवर चालतात, ती कथा उलटीपालटी करून दाखवण्यात मला काही पराक्रम वाटत नाही. म्हणून तिथे मी कडेचा माणूस निवडतो. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्याचं देऊळ आहे, त्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, कारण मायना काय लिहावा, चिरंजीव की तीर्थरूप, हे त्याला ठरवता येईना. ते बघून मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. वाघावर बसून येणं आणि भिंत चालणं हे सगळ्यांना आठवतं. पत्र घेऊन जाणारा शिष्य कुणालाच आठवत नाही. तो किती दिवस चालला असेल? काखेत काय आहे हे त्याला ठाऊक होतं का? वाटेत नदी ओलांडताना त्याने ते डोक्यावर धरलं असेल, भिजू नये म्हणून. कोरा कागद, पण शाई जाईल म्हणून जपलेला. एवढ्यावर माझी एक श्रुतिका उभी राहिली, आणि ती ऐकून वारी करणाऱ्या एका बाबांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही.

सातपुड्यातल्या कथांबद्दल मी स्पष्ट बोलतो. आपल्याकडे श्रावणात कानबाईचे रोट होतात. बऱ्याच घरांत ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. त्यात बाहेरच्याचा अपमान आहे असं आपण मानत नाही, ती त्या कुळाची रीत असते. भिल्ल, पावरा, कोकणा समाजातल्या कितीतरी कथा अशाच आहेत. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात त्या रात्रभर पावरी या वाद्याच्या सुरावर गातात. देवमोगरा मातेच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला नंदुरबारकडून माणसं जातात ती कथा गोळा करायला जात नाहीत, आपल्या आईला भेटायला जातात. त्या कथेला ऋतू आहे, गाणारा आहे, पथ्यं आहेत. ती पुस्तकातून उचलून आपल्या प्रमाण मराठीत 'साहित्य' करणं म्हणजे दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातला रोट उचलून खाणं. तुमच्या वर्गात त्या समाजाची मुलं असतील. त्यांना त्यांच्या भाषेत लिहायला बसवा आणि तुम्ही ऐका. तुम्हाला लिहायचंच असेल तर ती ऐकतानाची तुमची गोष्ट लिहा, त्यात तुमचं देणं-घेणं खरं असेल. यापलीकडे मला या बाबतीत सवलत मागावीशी वाटत नाही.

ग्रीक कथा घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त तिला राहायला आपल्याकडे घर हवं. मला तिकडची एकच कथा कायम आपली वाटत आली. डिमीटर ही धान्याची देवी. तिची मुलगी पर्सेफनी हिला पाताळाच्या राजाने उचलून नेलं. आईने धान्य उगवणं बंद केलं, तेव्हा देवांना मुलगी परत आणावी लागली. पण तिने तिकडे डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून दर वर्षी काही काळ तिला परत जावं लागतं. होमरच्या नावाने चालणाऱ्या जुन्या स्तोत्रात हा काळ वर्षाचा तिसरा हिस्सा आहे, रोमन कवी ओव्हिडने तो निम्मा केला. ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. लिंबाला झोके बांधले होते, गौराई बसली होती, खापरावर मांडे चालले होते आणि शेजारची नुकती लग्न झालेली पोर माहेरी आली होती. आठ दिवसांनी तिला न्यायला दीर आला, तेव्हा तिची आई निरोप द्यायला बाहेर आली नाही, आत चुलीशीच बसून राहिली. डिमीटर मला तिथे दिसली. आणि डाळिंब काही परकं नाही, साक्रीकडे, सटाण्याकडे त्याच्या बागा आहेत. स्तोत्रात ती आईला सांगते की तो दाणा मला बळजबरीने खायला लावला. पण ते तसंच घडलं, की तिने तो भुकेने खाल्ला की मनाने, हे काही नीट उलगडत नाही. आखाजीला माहेरी आलेल्या कुठल्याही पोरीला ते विचारून बघा.

बदल किती करावा याला माझं उत्तर छोटं आहे. प्रत्येक कथेत एक खिळा असतो, तो काढला की बाकी सगळं खाली येतं. बकासुराच्या कथेत पाळी, लीलावतीत थांबलेली वाटी, पर्सेफनीत दाणा. खिळा हलवू नका, बाकी सगळं तुमचं. वाचणार कोण, याची काळजी आता नको. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या-कविता त्या गेल्यानंतर १९५२मध्ये छापल्या गेल्या आणि आज महाराष्ट्रभर घरोघर आहेत. त्यांची बोली कुणाला अडली नाही.

तुमच्यासाठी मात्र एक कथा मी मनात धरली आहे. तुम्ही तापीकाठी राहता, म्हणून.

आदिपर्वात गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणून हाक मारतो. अर्जुन विचारतो, मी तर कुंतीचा मुलगा, तापत्य कसा? तेव्हा गंधर्व सांगतो. सूर्याची मुलगी तपती, सावित्रीची धाकटी बहीण. राजा संवरण शिकारीला गेला असताना त्याचा घोडा भुकेतहानेने मेला, पायी भटकताना डोंगरावर त्याला ती दिसली. त्याने लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, मी माझ्या मालकीची नाही, मला बाप आहे, त्याला विचार. "माले नको इचारू, मना बापले इचार." राजाने बारा दिवस सूर्याची आराधना केली, वसिष्ठ जाऊन सूर्याला भेटले, लग्न झालं. मग राजाने कारभार मंत्र्यावर सोपवला आणि बारा वर्षं तो तिच्यासह डोंगरावर राहिला. त्या बारा वर्षांत इंद्राने त्याच्या राज्यात पाण्याचा थेंब पाडला नाही. माणसं घरदार सोडून गेली, राहिली ती हाडांचे सापळे झाली. शेवटी वसिष्ठ दोघांना परत घेऊन आले, आणि पाऊस पडला. पुढे तपतीला मुलगा झाला, तो कुरू. कौरव आणि पांडव ज्याचे वंशज, तो. म्हणजे सगळं महाभारत तिच्या पोटचं. आदिपर्वात ती नदी नाही. पुराणांनी आणि लोकांनी तिची तापी केली, शनीची बहीण केली, आषाढ शुद्ध सप्तमी तिचा जन्मदिवस ठरवला. मुलताईपासून सुरतेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहणारी, तुमच्या गावाजवळून जाणारी.

गंधर्वाने दुष्काळ चार-दोन श्लोकांत उरकला, कारण त्याला वंश सांगायचा होता. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. मी १९७२चा दुष्काळ दहाव्या वर्षी पाहिला. आई खडी फोडायला जायची, मी तिच्यासोबत. हातोडीच्या दांड्याला ती लुगड्याची चिंधी गुंडाळायची, तरी तळहाताची साल जायची. दुपारी सुकडी मिळायची, ती अर्धी खाऊन अर्धी पदरात बांधून घरी आणायची. मुकादम टेपाने ढीग मोजायचा, आणि त्याच्या टेपाकडे बघताना आईचा चेहरा जसा व्हायचा तसा मी नंतर कधी पाहिला नाही.

आता सांगा, डोंगरावरून खाली उतरणाऱ्या त्या राणीकडे ज्या बाईने बारा वर्षांत दोन लेकरं पुरली ती कशी बघेल? ही आली म्हणून पाऊस आला, आणि हिच्यापायीच गेला होता. आणि तपतीचं तरी काय? तिला कुणी सांगितलं होतं का की खाली काय चाललंय? स्वतःला मालकी नाही म्हणणाऱ्या पोरीच्या माथ्यावर अख्ख्या मुलखाची तहान टाकली गेली. इथे दोन बायकांचं देणं राहिलंय, आणि दोघी एकमेकींकडून मागतायत असं वाटतं, प्रत्यक्षात देणारा तिसराच आहे, रथात पुढे बसलेला.

खालच्या बायका अहिराणी बोलतील, राणी आणि वसिष्ठ प्रमाण मराठीत. अर्थाची टीप कुठे देऊ नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी अर्धा तास नदीच्या पात्रात उभ्या राहा, वाळू पायाला किती वेळ सोसते ते बघा, मग सूर्याच्या मुलीबद्दल लिहायला बसा. आणि पहिल्या पानावर लग्न नको, डोंगर नको. पश्चिमेकडे ढग चढलेत. रस्त्याने रथ येतोय, लोक धावत सुटलेत. खडीवरची एक बाई मात्र उठलेली नाही. तिचा ढीग अजून टेपाएवढा झालेला नाही, आणि पावसात मुकादम मोजणार नाही.